पेणच्या ओट्यावरून रोह्याच्या लॅबमध्ये

मॅडम, आज सकाळी कंपनीत मी एका मुलीवर आवाज चढवला आणि बोलता बोलताच लक्षात आलं, की हा आवाज माझा नाही, तुमचा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला आता जरा थांबावं लागतं. ओरडणं मात्र जसंच्या तसं माझ्या घशात येऊन बसलंय. घरी आल्यावर चहाही ठेवला नाही. आधी हे लिहायला बसले.

मी आता रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत आहे. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं जाळं माझ्याकडे असतं. बाहेरच्या कोणी आत शिरू नये म्हणून जी भिंत उभी केलेली असते, फायरवॉल, ती राखायचं काम माझं. तुम्ही हे ऐकून हसला असतात. आज नोंदी बघताना मला तपासणी विभागातल्या एका कॉम्प्युटरवरून बाहेर गेलेली एक लाईन दिसली. एसएसएचची, म्हणजे दोन कॉम्प्युटर गुपचूप जोडणारी, आतून बाहेर काढलेली, आणि तिच्यावरून बाहेरच्या माणसाला उलट आत येता येईल अशी. मला ती ओळखायला वेळ लागला नाही. त्या विभागातल्या मुलीला बोलावलं. नागोठण्याच्या पुढे एका वाडीतली मुलगी, नुकतीच कायम झालेली. माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या ओढणीचं टोक तिच्याच मुठीत चुरगळत होतं. "कोणाला विचारलंस?" मी म्हटलं. "कोणालाच नाय, मॅडम." मग मी ओरडले. ओरडून झाल्यावर विचारलं, की कशासाठी केलंस. तिचा बाप झाडावरून पडलाय, कमरेखालून हलत नाही. तपासणीच्या मशीनचं काम संपेपर्यंत इथे थांबलं की शेवटची एसटी चुकते आणि त्याला कूस बदलून द्यायला घरी कोणी नसतं. मशीन कुठवर आलंय एवढं घरून दिसलं तरी तिला पुरणार होतं.

मॅनेजर तिला कामावरून काढायलाच निघाले होते. मी ती लाईन त्यांच्यासमोर बंद केली आणि म्हटलं, साहेब, हिची चूक एवढीच की हिने विचारलं नाही. गरज खोटी नाही. आपण तिला रीतसर वाट देऊ, तेवढ्याच एका मशीनपुरती. ते म्हणाले, उद्या सगळेच मागतील. मी म्हटलं, मागू देत, मागितलं तर आपल्याला कळतं तरी. बराच वेळ वाद झाला. मी तुमच्याबद्दल काही बोलले नाही. शेवटी त्यांनी मान हलवली. मुलीची नोकरी राहिली. दुपारी ती जेवायला माझ्याशेजारी येऊन बसली आणि डब्यातली वालाची उसळ माझ्याकडे सरकवली.

तेव्हापासून तुमची रोह्याच्या कॉलेजातली लॅब डोळ्यांसमोर आहे. कुंडलिका नदीच्या बाजूला खिडक्या असलेली ती लांबडी खोली, उन्हाळ्यात नुसती तापायची. मी तिथे असिस्टंट म्हणून लागले तेव्हा माझं काम म्हणजे सकाळी कीबोर्ड पुसायचे, बंद पडलेला माऊस बदलायचा आणि तुम्ही शिकवत असताना मागे भिंतीला टेकून उभं राहायचं. मी भात आणि वाल पिकवणाऱ्यांच्या घरातली, डिप्लोमा कसाबसा झालेली. कॉलेजात मला कोणी नावाने हाक मारायचं नाही, "लॅबवाली" म्हणायचे. तुम्ही पहिल्याच आठवड्यात वर्ग थांबवून मागे वळून विचारलंत, "तू काय करतेस तिथे? भिंत पडतेय का? ये, इथे बस, बघ." सगळी मुलं हसली. मी लाजेने लाल झाले आणि तुमच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. मग रोज तिथेच बसू लागले. तुम्ही मुलांना जे शिकवायचात ते मलाही आपोआप येत गेलं. मी चुकले की तुम्ही बोटाने टेबलावर टकटक करायचात, तोंडाने काही म्हणायचा नाहीत.

मग तुमचं दुखणं निघालं. मुंबईला उपचार सुरू झाले आणि तुम्ही पेणला आईंकडे राहायला गेलात. वर्ग एका तात्पुरत्या सरांकडे गेला. ते फळ्यावर लिहायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. परीक्षा जवळ येत होती आणि लॅबमध्ये एकाही मुलाचा प्रोग्राम धड चालत नव्हता. मी एका रविवारी एसटीने पेणला आले. आठवतंय? तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी गणपतीच्या कारखान्याकडे उघडायची. खाली पत्र्याच्या शेडमध्ये न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती रांगेने वाळत असायच्या, आणि रंगाचा वास वर फोडणीच्या वासात मिसळायचा. लॅपटॉप ओट्याच्या कडेला ठेवलेला, कारण प्लग तिथेच होता आणि आईंचा डोळा तुमच्यावर राहायचा. तुम्ही डोक्याला रुमाल बांधून स्टुलावर बसला होतात. आई पोह्याचे पापड लाटत होत्या. "बस गो," त्या मला म्हणाल्या, "हिला जरा समजाव. आजारी माणसाने पडून र्‍हावं का नाय? ही सारखी रोह्याच्या पोरांचंच बोलतंय." तुम्ही म्हणालात, "त्या मशीनवर मला इथून पोचता आलं ना, तर मी बसल्या जागी शिकवलं असतं. पण कॉलेजची फायरवॉल. बाहेरून कोणी हाक मारली तर ती ऐकतच नाही." हे तुम्ही नुसतं बोलून गेलात. मी ते रोह्याला घेऊन आले.

पुढचा आठवडाभर मी मिळेल तिथून वाचलं. भिंत बाहेरच्याला आत येऊ देत नाही, पण आतल्याला बाहेर जाऊ देते, एवढं कळल्यावर पुढचं सुचत गेलं. तुम्ही सरावासाठी बाहेर एका सर्व्हरवर थोडी जागा भाड्याने घेतली होती, तिथे मलाही जाता यायचं. लॅबच्या मशीनने आतून त्या सर्व्हरला फोन लावायचा आणि लाईन धरून ठेवायची. तुम्ही पेणहून त्याच सर्व्हरवर यायचं आणि त्याच्या एका ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे आकडा दिलेल्या दारावर, जायचं. सर्व्हर तुम्हाला तसाच, धरलेल्या लाईनवरून, उलट लॅबच्या मशीनपर्यंत आणून सोडणार. एक ओळ टाईप करायची, बस. मी ती टाईप केली, एंटर दाबलं आणि तुम्हाला फोन केला. "मॅडम, आत या." पोर्टचा आकडा सांगितला. फोनवर तुमच्या कीबोर्डचा आवाज आला, आणि रोह्यातल्या माझ्या समोरच्या पडद्यावर तुमचं नाव उमटलं. मी उभीच राहिले. मुलांच्या फायली तुम्ही एकेक उघडून बघताय हे मला दिसत होतं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"हे कोणाला विचारून केलंस?" तुम्ही म्हणालात.

"कोणालाच नाय."

"बंद कर."

"अहो पण मॅडम, तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी म्हणूनच बंद कर. दुसऱ्याच्या भिंतीला भोक पाडायचं आणि वर सांगायचं, चांगल्या कामासाठी पाडलं? उद्या तिथून कोण आत शिरेल ते तुला ठाऊक हाय का? ज्याची भिंत त्याला विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही. आत्ता बंद कर, आणि नेटवर्कवाल्या सरांच्या केबिनमध्ये जाऊन काय केलंस ते सगळं सांग." एवढं बोलून तुम्हाला खोकला आला, आणि मागून आईंचा आवाज, "कशाला वरडतंस त्या पोरीवर?" मी लाईन बंद केली. तुम्ही मरणाच्या दारात असताना माझ्यावर चिडलात याचं वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त वाईट याचं, की तुमचं नाव पडद्यावरून गेलं.

कॉलेजचं जाळं ज्यांच्याकडे होतं ते सर पुण्याचे. चपला केबिनच्या बाहेर काढायला लावणारे, हसणं माहीत नसलेले. मी सगळं सांगितलं, रीतसर परवानगीही मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला कल्पना आहे का, मी तुला आत्ता घरी पाठवू शकतो?" मी हो म्हटलं. "आणि उत्तर नाही असं आहे." मी परत हो म्हटलं आणि दाराकडे वळले. तेव्हा मागून त्यांनी विचारलं, "कशा आहेत त्या?" मी म्हटलं, बसतात, पण फार वेळ नाय बसवत. जेवण जात नाय. सर खिडकीबाहेर बघत राहिले. मला आता जाऊ का असं विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून मी तशीच उभी राहिले. शेवटी ते म्हणाले, "जा." त्यांनी रविवारी काय केलं ते मला तुमच्याकडूनच कळलं. पेणला तुमच्या घरी आले, आईंनी दिलेला चहा घेतला, ओट्याशी उभं राहून तुमच्याकडून सगळं समजून घेतलं आणि खाली कारखान्यातून एक छोटी शाडूची मूर्ती घेऊन गेले. सोमवारी सकाळी ते माझ्याआधी लॅबमध्ये हजर. अटी घातल्या. फक्त एकच मशीन. फक्त मॅडमच्या किल्लीने, म्हणजे त्यांच्या लॅपटॉपमधल्या गुप्त फाईलने उघडेल, पासवर्ड चालणार नाही. सर्व्हरवरचा तो पोर्ट जगाला दिसता कामा नये, सर्व्हरच्या आत शिरलेल्यालाच दिसला पाहिजे. आणि लाईन आपोआप लागणार नाही. रोज वर्गाआधी तू स्वतः लावायची, वर्ग सुटला की स्वतः तोडायची. "काही झालं तर माझी मान जाईल," ते म्हणाले. मग माझ्या शेजारी बसून त्यांनी ती सगळी मांडणी स्वतः तपासली. मी मुळात केलेल्यात त्यांना दोन मोठ्या चुका सापडल्या. मी नुसतं भोक पाडलं नव्हतं, अख्खी भिंतच पाडायला निघाले होते.

तसे आपले वर्ग सुरू झाले. पडद्याचे दोन भाग केले होते, डावीकडे मी, उजवीकडे तुम्ही. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवलेला. पहिल्या दिवशी उजव्या भागात अक्षरं आपोआप उमटायला लागली आणि वर्गात चिडीचूप झालं. "काय रे, गप्प का?" स्पीकरमधून तुम्ही म्हणालात. "मागच्या बाकावर कोण खातंय? मला इथून सगळं दिसतं." लॅबमध्ये कॅमेरा नव्हता. मागच्या बाकावरच्या पोराने तरी वडापाव दप्तरात घातला. मी हसू दाबत होते. कधी मागे कुकरची शिट्टी व्हायची, कधी आई "जेव गो आता" म्हणायच्या आणि तो आवाज सगळ्या वर्गाला ऐकू यायचा. मुलं त्यांना आजी म्हणायला लागली. परीक्षेला बसणाऱ्या सगळ्यांचे प्रोग्राम तुम्ही उघडून बघितलेत, एकेकाला वेगळं समजावलंत. एवढंच व्हायचं, की तुम्ही बराच वेळ काही टाईप केलं नाहीत, की मधली कुठलीतरी यंत्रणा समजायची माणूस गेलं, आणि लाईन तुटायची. तुमचा फोन यायचा, "गेली गो लाईन." मी परत लावायची. त्यावर उपाय असतो, ते मी नंतर शिकले. तेव्हा आपण एवढंच ठरवलं होतं, की गप्प बसायचं असलं तरी मधून मधून एखादी कळ दाबत राहायची.

पुढे तुमचा आवाज बसत गेला. बोलणं कमी आणि टाईप करणं जास्त झालं, मग तेही हळू. एका सकाळी मी लाईन लावली आणि उजव्या भागात फक्त एक ओळ आली. आज तू शिकव. मी फोन उचलला. "मॅडम, मला नाय जमणार. मी लॅबवाली आहे." तुमचा आवाज इतका खोल गेला होता, की मला फोन कानाला घट्ट धरावा लागला. "स्टुलावर बसून जमणार नाय. माझी खुर्ची आहे ना? त्यात बस." मग म्हणालात, "फोन स्पीकरवर टाक." मी टाकला. तुम्ही वर्गाला सांगितलंत, "आजपासून त्या खुर्चीत ती बसेल. तिला मॅडम म्हणायचं. कोणी हसलं तर मला इथून दिसतं." कोणी हसलं नाही. मी बसले. त्या खुर्चीची उशी एका बाजूने दबलेली होती, तुम्ही तशा तिरक्या बसायचात ना, तशी. मला तोवर कोणी इतकं मोठं काही दिलेलं नव्हतं, आणि ते घ्यायला मी लायक आहे की नाही हे विचारायला वेळच नव्हता, तीस पोरं बघत होती.

सुरुवातीला तुम्ही उजवीकडून मला सावरायचात. मी चुकले की तिथे अचूक ओळ यायची, टेबलावरच्या टकटकीसारखी. मग दिवसेंदिवस ओळी कमी होत गेल्या. मला वाटायचं मी सुधारते आहे. शेवटच्या वर्गाच्या दिवशी मी परीक्षेतला सगळ्यात अवघड भाग शिकवत होते, आणि मधेच अडकले. मला पुढचं आठवेना. मुलं बघतायत, फोनवर काही आवाज नाही. तेवढ्यात उजवीकडे कर्सर एक ओळ खाली सरकला. काही लिहिलेलं नाही, नुसती रिकामी ओळ. जरा वेळाने आणखी एक. मला एकदम धीर आला. तुम्ही बघताय, तुम्हाला चूक दिसत नाही, तुम्ही म्हणताय चाललंय ते बरोबर आहे, पुढे चल. मी श्वास घेतला आणि पुढे गेले. तास संपेपर्यंत त्या रिकाम्या ओळी येत राहिल्या, थांबत थांबत, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचीही भीती न बाळगता शिकवलं. वर्ग सुटल्यावर मी नियमाप्रमाणे लाईन तोडली. फोनवर म्हटलं, "मॅडम, ठेवते हां." उत्तर आलं नाही. वाटलं, दमला असाल. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

तुमच्या किल्लीची नोंद मशीनवरून काढायची होती. सर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तू काढतेस की मी काढू?" मी म्हटलं, तुम्हीच काढा. त्यांनी ती ओळ पुसली, फाईल बंद केली, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. परीक्षा झाली. मुलं चांगली पास झाली. दुसऱ्या वर्षी कॉलेजने तो वर्ग मला रीतसर दिला, आणि तिथून शिकत शिकत मी या कंपनीपर्यंत आले.

तुमचं सगळं आटोपल्यावर मी पेणला गेले होते, हे तुम्हाला माहीत नाही. आई ओट्याशी वाल सोलत बसल्या होत्या. लॅपटॉप तिथेच होता, वर फडकं घातलेलं. खाली मूर्ती रंगवायला घेतल्या होत्या. मी त्यांना त्या शेवटच्या वर्गाबद्दल सांगायला लागले. मॅडम कशा माझ्याबरोबर होत्या, कशा शेवटपर्यंत बघत होत्या. आई हातातली शेंग तशीच धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती कुठची बघतंय, पोरी. ती सकालपासून डोळेच उघडीत नव्हती. तिने मला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, आई, मी निजले तरी ती शिकवत असेल तंवर ही मोठी कळ मधून मधून दाबत र्‍हा. नायतर लाईन तुटते, आणि तुटली की ती पोर घाबरेल. मला कुठे त्यातलं काय कळतंय? एका हाताने तिचं कपाळ दाबत व्हते, एका हाताने कळ." आणि बोट पुढे करून त्यांनी फडक्याखालची ती एंटरची जागा मला दाखवली. मी त्यांच्या शेजारी टेकले. टोपलीतली एक शेंग घेतली आणि त्यांच्याबरोबर सोलायला लागले. सगळ्या शेंगा संपेपर्यंत बसले. मग त्यांनी चहा केला.

मला त्या दिवशी खरं कळलं असतं, तर मी वर्ग तसाच टाकून एसटी स्टँडवर धावले असते. हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही आईंना तसं सांगून ठेवलं असणार. हा कागद मी कुठे पाठवणार, आणि कोण वाचणार. आई पण राहिल्या नाहीत आता. पण एक गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली नाही, आणि तुम्हालाही आजच सांगते आहे. त्या रिकाम्या ओळींचा अर्थ मी 'पुढे चल' असा लावला होता. कळ कोणाच्या हाताखाली होती हे कळल्यावरसुद्धा, मॅडम, तो अर्थ चुकला होता असं मला अजून वाटत नाही.